वीस तेत्रीची लिफ्ट

लामाराच्या इमारतीतली लिफ्ट
नाणं टाकल्याशिवाय वर जात नाही.
खाली येताना फुकट.
यावर मला काहीतरी शहाणपणाचं सुचलं होतं,
पण सकाळी सकाळी कशाला,
आणि रशियनमध्ये ते जमलंही नसतं.

ताश्कंदला सहा महिने एका खोलीत होतो आम्ही,
रेशमाचे कोष उकडायला शिकत.
त्याला आता चौतीस वर्षं.
भाषा तेव्हाही मोडकीच होती दोघींची,
आता तर नुसते तुकडे उरलेत,
बाकीचं भुवयांवर भागवतो.

मी यादी करून आणली होती :
किल्ला, केबलकार, दोन चर्च, म्युझियम.
लामाराने ती चष्मा लावून वाचली,
घडी घालून पर्समध्ये ठेवली
आणि म्हणाली, आधी बूट शिवायला टाकू.

जिन्याखालच्या खोपटातला मोची, बेसो,
मला नखशिखांत न्याहाळून
हिरवी आलुबुखारं पुढे करतो, मिठाच्या पुडीसकट.
दात आंबतात. डोळा आपोआप मिटतो.
त्याला तेवढंच हवं होतं बहुतेक,
खिळे तोंडात धरून हसतो.
लामारा त्याच्याकडून आणखी पावशेर घेते,
सगळी चिल्लर मोजून देते.

पुढे भट्टी. कमरेपर्यंत आत वाकलेला माणूस
भिंतीवरून पाव सोडवून काढतो,
होडीसारखा, दोन्हीकडे टोकं.
"पुरी," म्हणते लामारा.
मी थांबतेच.
इथे पावाला पुरी म्हणतात!
मी तिला आमची पुरी दोन्ही तळव्यांत फुगवून दाखवते.
ती म्हणते, अजून ऐक, आमच्यात मामा म्हणजे बाप.
माझे तीन मामा डोळ्यांपुढून जातात,
धाकटा तर बिचारा बिनलग्नाचा.
दोघी भर फुटपाथवर हसत सुटतो,
गरम पाव या हातातून त्या हातात झेलत.

केबलकार वाऱ्यामुळे बंद.
बाकावर बसून किल्ला खालूनच बघतो.
खालूनही तो किल्लाच दिसतो.
एक कुत्रा येऊन माझ्या पावलांवर बूड टेकतो,
कानात नगरपालिकेचा पिवळा बिल्ला,
अर्धी पुरी खाऊन झोपतो.
त्याला उठवायचं कसं, म्हणून
आम्हीही तासभर तिथेच.

मग जुना बाजार, पुलावर.
बिल्ले, दुर्बिणी, सर्जनच्या कात्र्या,
कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम.
सतरंजीवर एक कप, निळ्या कडेचा.
लामारा वाकते, उचलते,
आणि न बघताच तिचा अंगठा
कानापाशी उडालेल्या टवक्यावर जाऊन बसतो.

त्या हिवाळ्यात वीज नव्हती, गॅस नव्हता.
सहा कप दिले, रॉकेल आणलं.
टवका भावाने पाडलेला, त्याच्याही आधी.
एवढं मला कळलं.

म्हातारा किंमत सांगतो : चाळीस लारी.
मी पाकीट काढते. ती माझं मनगट धरते.
एक घरी नेला, की उरलेले पाच मोजत बसेन,
असं ती म्हणाली.
की वेगळंच काही म्हणाली?
क्रियापद माझ्या ओळखीचं नव्हतं.
कप तिने होता तिथे ठेवला,
फक्त कान उजवीकडे वळवून,
उचलणाऱ्याला सोपं जावं असा.

मग कुठे गेलो? कुठेच नाही.
द्राक्षाचा वेल चढलेल्या एका अंगणात
कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरींमागे
चहा प्यायलो, ज्याचं ते घर
तो शेवटपर्यंत दिसला नाही.
बूट घेतले. दिवे लागले.

लिफ्टपाशी दोघींनी खिसे उलटे केले.
आलुबुखाराच्या बिया निघाल्या, नाणं नाही.
सात मजले.
तिसऱ्यावर कुणी कांदा परतत होतं,
चौथ्यावर पियानोचा एकच धडा, पुन्हा पुन्हा चुकत.
पाचव्यावर लामारा पायरीवर बसली,
श्वास खाली बसू दिला,
पर्समधून माझी यादी काढली, पेन्सिल काढली.
किल्ला, टिक. केबलकार, टिक.
दोन्ही चर्चना मिळून एक.
म्युझियमपाशी पेन्सिल जरा थांबली.
मग तिथेही टिक केली.